बालवाडीतील सहा दिवस : आम्ही शिकविले की शिकलो?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात, १० मार्च रोजी लोणार येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज १० मार्च. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचा स्मृतिदिन. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली असता रुग्णांची सेवा करता करता त्यांनी देह ठेवला. ज्या माउलीने १८४८ साली भिडेवाड्यात मुलींच्या शाळेत शिकविण्यास प्रारंभ केला, तिच्या स्मृतिदिनी शिक्षणावर बोलावे असा अध्यक्षांचा आग्रह पडला. वास्तविक आम्ही शिक्षक नाही. कला शाखेचे पदवीधर, आणि पोटासाठी बँकेत कारकून. दिवसभर इतरांचे पैसे मोजणे हा आमचा व्यवसाय. तरीही आज बोलण्यास उभे राहिलो, कारण गेल्या महिन्यात आपल्या विहारातील बालवाडीत आम्ही सहा दिवस काढले. त्याचा हिशेब समाजापुढे मांडणे आमचे कर्तव्य आहे. हिशेब मांडताना नावेची बाजू लपवू नये, हे आम्ही बँकेतच शिकलो आहोत.

प्रथम हे कसे घडले ते सांगतो. जानेवारीतील कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही एक सूचना मांडली होती. आपल्या बालवाडीतील मुले नुसती खेळतात, गाणी म्हणतात, खिचडी खातात. शेजारच्या कॉन्व्हेंटमधील केजी-वनची पोरे एबीसीडी लिहितात, शंभरपर्यंत आकडे म्हणतात. आपल्या वस्तीतील ज्यांना परवडते ते पालक मुले तिकडे घालतात. मग आपण मागे का राहावे? एक तर बालवाडीत लेखन, पाढे, गृहपाठ आणि परीक्षा सुरू करा, नाही तर ती बंद करून तो पैसा वरच्या वर्गातील मुलांच्या शिकवणीला द्या, असे आमचे म्हणणे होते. बऱ्याच जणांनी माना डोलाविल्या. तेव्हा महिला मंडळातील एक ज्येष्ठ उपासिका शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, बंद करायचं तर करा. पण आधी आठ दिस तिथं बसून पाहा.”

योगायोग असा की फेब्रुवारीत बालवाडीच्या ताईंना मुलीच्या बाळंतपणासाठी आठवडाभर गावी जावे लागले. आम्ही पाच दिवसांची रजा टाकली. सहावा दिवस दुसरा शनिवार, म्हणून बँकेला सुट्टीच होती. सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता नवा खडू, नवे डस्टर आणि मोठा आत्मविश्वास घेऊन आम्ही विहारात पोचलो. समोर तेवीस मुले. वय तीन ते साडेपाच. बहुतेकांच्या आया पहाटेच हरभरा सोंगायला वावरात गेलेल्या. सोबतीला बालवाडीच्या मदतनीस मावशी.

सोमवार. आम्ही फळ्यावर मोठा ‘अ’ काढला, पाट्या वाटल्या आणि गिरवा म्हणालो. पाच मिनिटांत दोन मुले रडू लागली, एक चप्पल न घालताच घराकडे पळाला, उरलेल्यांत पेन्सिलीवरून मारामारी. तेव्हा आम्ही आपल्या शाळेत शिकलेला जुना उपाय काढला : हाताची घडी, तोंडावर बोट! आणि काय आश्चर्य! वर्ग चिडीचूप. तेवीस बोटे तेवीस ओठांवर. आम्ही मावशींकडे विजयी मुद्रेने पाहिले. ती शांतता आम्ही चांगली वीस मिनिटे टिकविली. मग खिडकीजवळ बसलेल्या चिमुकलीच्या खालून सतरंजीवर ओल पसरत गेलेली आम्हांला दिसली. पोरगी हलली नाही, रडली नाही, बोट तसेच तोंडावर. मावशींनी तिला उचलून नेले, कपडे बदलले आणि विचारले, “सांगतलं काहून नाही बाई?” ती म्हणाली, “सरनं तोंडावर बोट ठेवाले सांगतलं होतं.”

बंधू-भगिनींनो, हे वाक्य आम्ही त्या रात्री झोपेपर्यंत ऐकत होतो. आमच्या घरातील भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. बाबासाहेबांनी स्वतःच आपल्या शाळेतील आठवण लिहून ठेवली आहे. तहान लागली तरी त्यांना नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, आणि शिपाई नसला तर पाणी नाही. साताऱ्याच्या त्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आम्हीही दरवर्षी त्यावर भाषण करतो. आणि त्याच बाबासाहेबांच्या नावाने चाललेल्या बालवाडीत आम्ही एका चार वर्षांच्या मुलीला अशी शिस्त लावली, की तिला शरीरधर्माची गरजसुद्धा उच्चारता येऊ नये! तिथे जातीचा जुलूम होता, इथे आमचे अज्ञान होते, हे खरे. दोन्ही गोष्टी एका पारड्यात आम्ही तोलत नाही. पण लेकराला तोंड उघडण्याची भीती वाटणे, हा अनुभव आपल्या समाजाने पुरेसा घेतला आहे. तो आपल्याच हातून आपल्याच लेकरांना मिळू नये.

मंगळवार. आम्ही पाट्या बाजूला ठेविल्या आणि चित्रांचा तक्ता घेतला. फळावर बोट ठेवून विचारले, “हे काय?” एक गडी तटकन उठून म्हणाला, “जांब!” आम्ही म्हणालो, “जांब नव्हे. पेरू म्हण.” त्याने पेरू म्हटले आणि तो खाली बसला. पुढच्या चित्रावर त्याचा हात वर झाला नाही. त्याचे पाहून इतरांचेही हात खाली गेले. तक्ता संपला तेव्हा एकटे आम्हीच बोलत होतो.

मधल्या सुट्टीत खिचडी वाढता वाढता मावशी म्हणाल्या, “साहेब, तुमच्या बँकेत आमची बुढी पासबुकाले कापी म्हणते. तरी तुम्ही तिले पैसे देताच ना?” आम्ही निरुत्तर झालो. खिडकीत उभ्या असलेल्या म्हातारीचा शब्द आम्हांला चालतो, कारण तिला काय म्हणायचे आहे हे आम्ही जाणतो. मग लेकराचा शब्द का चालू नये? जांब हा काही चुकीचा शब्द नव्हे. तो त्याच्या आईने दिलेला शब्द आहे. आईचा शब्द चुकीचा ठरला की लेकराला आईच चुकीची वाटू लागते, आणि मग ते घरीही गप्प आणि शाळेतही गप्प.

ही गोष्ट महाराष्ट्रात फार पूर्वी दोन स्त्रियांनी ओळखली होती. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले. पुढे १९४५ साली त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज पालघर जिल्ह्यात आहे. शहरातील बालमंदिराला लागणारी महागडी साधने खेड्यात कोठून आणणार? म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, दगड, पाने अशी भोवतालची साधने घेतली. गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा आज घरोघरी ठाऊक असलेला शब्द या कामातून आला. गुरे चारणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली आणि तिला कुरणशाळा म्हणाले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. पण त्यांचा खरा सन्मान हा की लेकरू शाळेला लायक आहे काय, असे त्यांनी कधी विचारले नाही. शाळा लेकराला लायक आहे काय, असे त्या विचारीत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः त्या मुलाजवळ बसलो आणि म्हणालो, “आमच्या तक्त्यात याला पेरू म्हणतात. तुझ्या घरी काय म्हणतात?” तो हळूच म्हणाला, “जांब.” आम्ही म्हणालो, “मग आपल्याकडे एकाच फळाला दोन नावं झाली.” त्यासरशी कोणी वावर आणि शेत सांगितले, कोणी माय आणि आई. दहा मिनिटांत तेवीस मुलांनी आम्हांला दुहेरी शब्दांची अशी यादी दिली की कोणा भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने वही काढावी.

तो बुधवार. त्या दिवशी आकडे घ्यावयाचे ठरले होते. आकडे म्हणजे आमचा हातखंडा! एक मुलगा एकापासून पन्नासपर्यंत न अडखळता म्हणाला. आम्ही खूश झालो. मग सहज म्हणालो, “आता मला सात चिंचोके दे.” त्याने ओंजळभर चिंचोके आमच्या हातावर ओतले. मोजून पाहिले तर एकोणीस. सात हे त्याच्या लेखी गाण्यातील एक शब्द होते. ती संख्या आहे, हे त्याला कोणी हाताने दाखविले नव्हते. ज्या शंभरपर्यंतच्या पाठांतरासाठी आम्ही बालवाडी बंद करायला निघालो होतो, त्या पाठांतराचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला.

मग चिंचोक्यांचा खेळ मांडला. दुकान झाले, एसटीचे तिकीट झाले. शेवटी मुलांनीच बँक काढली. ज्या चिमुकलीची सोमवारची हकिगत आम्ही सांगितली, ती पाट मांडून कारकून झाली. बाकीची मुले रांगेत. पहिला मुलगा पुढे आला. तिने मान वर केली नाही. चिंचोके या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली, “सर्व्हर बंद हाये. उद्या या.” दुसऱ्याला म्हणाली, “इथं नाही, त्या खिडकीत जा.” तिसऱ्याला म्हणाली, “फोटो आणला का? मग कायले आली?”

मावशी पदराआड हसत होत्या. आमच्या कानशिलांत रक्त चढले. २०२४ साली लाडकी बहीण योजनेच्या दिवसांत आमच्याकडे बायांच्या रांगा लागत होत्या, त्यानंतरही कधी आधार, कधी केवायसी यांसाठी लागतात. त्या रांगेत आजीचा पदर धरून उभे असलेले एखादे लेकरू आम्ही कधी पाहिल्याचे आठवत नाही. पण त्या लेकराने आम्हांला पाहिले होते. लहान मूल शिकत नाही असा एकही क्षण नसतो. आपण शिकवीत नसतो तेव्हाही ते शिकत असते.

गुरुवार. मावशी आणि तीन आया सोबत घेऊन आम्ही मुलांना सरोवराच्या काठावर नेले. आपण लोणारचे लोक सरोवराकडे पाठ करून राहतो. बाहेरगावचा पाहुणा आला की तेवढ्यापुरते पाहतो. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पाहण्यास जगभरचे अभ्यासक येतात. २०२० साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जून महिन्यात पाणी गुलाबी झाले, आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे ते तसे झाले असा निर्वाळा शास्त्रज्ञांनी दिला. हे सारे आम्ही मुलांना सांगणार होतो. पाठ करून गेलो होतो. पण काठावर पोचताच एकाने विचारले, “सर, धारेचं पाणी गोड, मग तळ्याचं खारं काहून?”

आम्ही तोंड उघडले आणि मिटले. उत्तर ठाऊक होते. सरोवरात पाणी येते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पण बाष्पीभवन हा शब्द चार वर्षांच्या मुलापुढे टाकणे म्हणजे पुन्हा सोमवार करणे. तेव्हा आठवण झाली ती मज्झिम निकायातील राहुलोवादाची. तथागतांना आपल्या लहानग्या राहुलाला खोटे बोलू नये हे शिकवायचे होते. त्यांनी पाण्याच्या भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले आणि विचारले, हे थोडेसे पाणी तुला दिसते काय? मग ते ओतून टाकले, भांडे पालथे केले आणि प्रत्येक वेळी दिसते काय असेच विचारले. अडीच हजार वर्षांपूर्वी वर्गात फळा नव्हता, पण जे शिकवायचे ते डोळ्यांपुढे ठेवण्याची रीत होती.

आम्ही परत आलो आणि विहाराच्या पायरीवर दोन स्टीलच्या ताटल्या ठेविल्या. अभयारण्यातून काही उचलून आणणे योग्य नव्हे, म्हणून सरोवराचे पाणी घेतले नाही. एका ताटलीत बाटलीतून आणलेले धारेचे पाणी, दुसरीत तेच पाणी, पण दोन चमचे मीठ विरघळवून. म्हणालो, “आता आपण वाट पाहू.” फेब्रुवारीचे ऊन होते. कावळे हाकलण्यासाठी आळीपाळीने पहारा बसला. जो मुलगा सोमवारी घराकडे पळाला होता, त्याला मावशींनी दुपारी घरी न्यायचे म्हटले तर तो पायरीवरून उठेना.

शुक्रवार. त्या दिवशी एका मुलीची आजी तिला न्यायला लवकर आली आणि दाराशी टेकली. आम्ही तिला ओळखले. बँकेच्या यंत्रावर तिचा अंगठा लागत नाही. आयुष्यभर सोंगणी-खुरपणी करून, माती-विटा उचलून बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. आम्ही तिला तीन-तीन वेळा अंगठा पुसून ठेवायला लावतो. आम्ही म्हणालो, “आजी, आत या.” ती म्हणाली, “म्या कुठं शाळंची पायरी चढली भाऊ!” तरी आली. मुलांपुढील चिंचोक्यांचा ढीग तिने पाहिला आणि काही न बोलता पाच-पाचांच्या राशी करू लागली. चार राशी झाल्या की त्या एकत्र लोटून म्हणायची, “ही झाली कोडी.” तीन कोड्या झाल्या आणि वर सात उरले. आम्ही विचारले, “किती झाले?” ती म्हणाली, “तीन कोड्या अन् सात.” आम्ही मनात सदुसष्ट म्हणेपर्यंत मुले तिच्याभोवती गोळा झाली होती, आणि पन्नासपर्यंत पाठ म्हणणारा तो मुलगा पहिल्यांदाच पाच-पाच मोजून बाजूला करीत होता.

जिला आम्ही निरक्षर म्हणून खात्याच्या कागदावर अंगठेबहाद्दर धरले, ती आमच्या आठवड्यातील सर्वांत चांगली शिक्षिका निघाली. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध छापून आला. ती फुल्यांच्या शाळेची विद्यार्थिनी होती. आपल्या माणसांचे दुःख तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले लिहिले. ती लिहू शकली ती नुसते अक्षर शिकविले म्हणून नव्हे, तर तुझ्याजवळ सांगण्याजोगे काही आहे असा विश्वास तिला शाळेने दिला म्हणून, असे आम्हांस वाटते.

शनिवार. मुले दप्तर न ठेवताच पायरीकडे धावली. मिठाच्या ताटलीत पांढरी खरखरीत पापडी बसली होती. एकाने बोट लावून चाटले आणि ओरडला, “पाणी गेलं, मीठ नाही गेलं!” बाष्पीभवनाची याहून चांगली व्याख्या आम्ही वाचलेली नाही. आम्ही समाधानाने धारेच्या ताटलीकडे पाहिले. ती कोरडी होती. आम्ही म्हणालो, “पाहा, गोड पाण्यात काहीच नव्हतं.” तेव्हा खिडकीजवळची ती चिमुकली, जिच्या तोंडावर आम्ही बोट ठेवायला लावले होते, ती ताटली उन्हात तिरपी धरून म्हणाली, “सर, हिच्यातबी थोडं हाये.”

आम्ही पाहिले. खरोखरच ताटलीच्या तळाशी धूसर पांढरे वर्तुळ होते. गोड पाण्यातही थोडे क्षार असतात. तेच थोडे थोडे हजारो वर्षे येत राहिले, बाहेर गेले नाही, म्हणून आपले सरोवर खारट झाले. सरोवराचे कोडे आम्हांला पाठ होते, ते तिने पाहिले. आणि आम्ही चुकलो, हे एका चार वर्षांच्या मुलीने वर्गात उभे राहून मोठ्याने सांगितले. सोमवारी जी गरजेपुरतेही बोलू शकत नव्हती, ती शनिवारी शिक्षकाची चूक दाखवीत होती. सहा दिवसांत दुसरे काही झाले नसते तरी आमची रजा सार्थकी लागली असती.

मित्रहो, त्या दिवशी दुपारी एक पालक आले आणि म्हणाले, “साहेब, आठवडाभर काय शिकवलं? वहीत तर काहीच नाही.” त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. जे कष्टातून लेकराला शिकवितात त्यांना पुरावा हवा असतो, आणि महिन्याभरापूर्वी आम्हीही तोच पुरावा मागत होतो. इंग्रजीला आमचा विरोध मुळीच नाही. बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनपर्यंत गेले, तेव्हा इंग्रजी आपल्या लेकरांना आलीच पाहिजे. ती बालवाडीत गाण्यातून, बोलण्यातून येऊ द्या. परंतु बोलण्याआधी लिहिणे आणि विचारण्याआधी पाठ करणे, हा इमारतीवर आधी कळस चढविण्याचा प्रकार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे की मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. शिक्षणाचा पाया तिसऱ्या वर्षापासून धरावा आणि शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत शिक्षण घरच्या भाषेत असावे, असेही त्यात आहे.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे क्रमप्राप्त आहे. संविधानाच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे होते. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ही तरतूद केवळ प्राथमिक शिक्षणापुरती करावी अशी सूचना आली. तेव्हा बाबासाहेबांनी ती अमान्य केली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास आपण बंदी घालीत आहोत, तर तोवर ते मूल शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. ही मोठी गोष्ट झाली. पण सहा वर्षांखालील लेकरांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच उरले. १९७५ साली २ ऑक्टोबरला देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना आज सर्वदूर पोचली आहे, तरी ज्या वयात पाया पडतो त्या वयाचा हक्क आजही अपुरा आहे. म्हणूनच समाजाच्या संस्थांनी चालविलेली बालवाडी ही चैन नव्हे. ‘शिका’ या बाबासाहेबांच्या आदेशाची ती पहिली पायरी आहे.

आता आमच्या हिशेबाची शेवटची ओळ. जानेवारीत मांडलेली सूचना आम्ही आज सर्वांसमक्ष मागे घेतो आणि कार्यकारिणीची क्षमा मागतो. त्याजागी तीन विनंत्या करतो.

पालकांना विनंती ही की संध्याकाळी वही तपासण्याआधी दहा मिनिटे लेकराला बोलू द्या. आज काय पाहिले, काय मोजले, कोणाशी भांडलास, एवढे विचारा आणि मधे न तोडता ऐका. त्याचा शब्द त्याच्याच बोलीत ऐका.

संस्थेला विनंती ही की ताईंचे आणि मावशींचे मानधन दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या हाती पडावे. सहा दिवसांत आमचा घसा बसला, त्या हे काम वर्षानुवर्षे करीत आहेत. तसेच आठवड्यातून एक दिवस वस्तीतील एखाद्या आजी-आजोबांना बालवाडीत मानाने बोलवावे.

तिसरी विनंती आमच्यासारख्या नोकरदारांना. शिक्षणाने आपण खुर्चीपर्यंत आलो, आणि खुर्चीवर बसून वस्तीला सल्ले देऊ लागलो. वर्षातून एक आठवडा रजा काढून त्या सतरंजीवर बसा. शिकविण्यासाठी जा म्हणत नाही. बसण्यासाठी जा. आम्ही पुढील वर्षासाठी आमचा आठवडा आजच लिहून देत आहोत.

सोमवारी आम्ही बँकेत परत गेलो. अकराच्या सुमारास त्या आजी रांगेत दिसल्या, नात पदर धरून उभी. यंत्रावर अंगठा याही वेळी लागला नाही. पण या वेळी आम्ही मान वर केली, उठून उभे राहिलो, त्यांना बाकावर बसविले आणि दुसऱ्या मार्गाने काम कसे होईल ते पाहिले. पोरगी आमच्याकडे टक लावून पाहत होती. तिच्या ताटलीत त्या दिवशी काय शिल्लक राहिले असेल, ते पुढे कधी तरी तिच्या खेळात दिसेल.

लेकराच्या आयुष्यातील दिवसही त्या पाण्यासारखे उडून जातात. मोठेपणी त्याला बालवाडीतील एकही दिवस आठवत नाही. पण त्या दिवसांचे जे विरघळलेले असते, ते तळाशी राहते. भीती असेल तर भीती राहते, विश्वास असेल तर विश्वास राहतो. आपण तेथे काय विरघळवीत आहोत, याचा विचार प्रत्येकाने करावा, एवढीच नम्र विनंती करून आणि सावित्रीमाईंच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जयभीम! नमो बुद्धाय! जय भारत!